आधी पर्याय वाच

सांगलीत मी ज्या क्लासला गणित शिकवते, तिथं नवी तुकडी आली की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, शॉर्टकट कधीपासून?" माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे बाबांनो, बाराच्या पुढचा पाढा म्हणताना घाम फुटतो आणि शॉर्टकट हवेत. पोलीस भरती, तलाठी, बँक, सगळ्यांचं रडगाणं एकच, वेळ पुरत नाही. मी त्यांना सांगते, पेन खाली ठेवा. आधी पर्याय वाचा. मग प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचा. आकडे सगळ्यात शेवटी. पोरं भराभर लिहून घेतात, खाली रेघ मारतात. त्यांना वाटतं ही मॅडमची खास पद्धत. माझी कसली डोंबलाची! ही माझ्या थोरल्या भावाची पद्धत आहे, आणि ती त्यानं डोळे गेल्यावर शोधून काढली.

आमचं गाव म्हसवडच्या अलीकडे. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीवर आलेले. दादानंही फौजेतच जायचं हे तो चालायला लागायच्या आधीच ठरलेलं. दहावीत असताना तो संध्याकाळी दाराच्या उंबऱ्याला अडखळायला लागला. आई म्हणायची, धांदरट आहे नुसता. मग एकदा अंधार पडल्यावर तो ओळखीच्या रस्त्यावरून थेट चरीत पडला, तेव्हा आबांनी त्याला मिरजेला दवाखान्यात नेलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. यावर औषध नाही, नजर हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू कुठलं आलंय, बारावीच्या परीक्षेला त्याला छापील अक्षर दिसत नव्हतं.

पण गणित डोळ्यात नव्हतं त्याच्या. आबांनी लहानपणी आम्हा दोघांकडून पाढे घोकून घेतले होते, तिसापर्यंत, आणि वर पाव, अर्धा, सव्वा, दीडचेही, म्हणजे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. मी त्या वेळी रडत घोकलं. दादानं मजेत घोकलं. तो बी.ए. नुसतं ऐकून झाला. कुणी ना कुणी धडे वाचायचं, तो ऐकायचा. मग जिल्ह्यात कारकुनाची भरती निघाली. अंधांसाठी एक जागा राखीव होती. अशा उमेदवाराला सोबत लेखनिक मिळतो. लेखनिकानं प्रश्न वाचायचा, उमेदवार सांगेल तो पर्याय उत्तरपत्रिकेवर रंगवायचा, बस्स. आपला लेखनिक आपण न्यायचा असेल तर एक अट होती, तो उमेदवारापेक्षा एक पायरी कमी शिकलेला पाहिजे. दादा पदवीधर, मी नुकतीच बारावी झालेली. मी अगदी अटीत बसत होते.

पहिल्या दिवशी ओसरीवर बसून मी त्याला सरावाचं गणित वाचून दाखवलं. शाळेत वाचतात तसं, सुरुवातीपासून, ठसक्यात. एका तालुक्यातील एकूण मतदारांपैकी साडेसदतीस टक्के मतदारांनी अमुक केले आणि वगैरे. मी शेवटाला पोचेपर्यंत दादाचा चेहरा आंबट झाला होता. मला गोष्ट सांगू नकोस, म्हणाला. मला राग आला. वाचते ते वाचते, वर बोलणी खायची! मग त्यानं मला समजावलं. डोळस माणसापुढं कागद असतो, विसरलं की नजर मागं जाते. त्याला मागं जायला कागद नाही, ऐकलेलं सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. म्हणून काय धरायचं आणि काय टाकायचं हे त्याला आधी कळलं पाहिजे.

"आधी पर्याय वाच," तो म्हणाला, "मग काय काढायचंय ते. बाकीचं मी मागीन तवा दे."

तिथून आमचं जमत गेलं. पर्यायांतले आकडे एकमेकांपासून लांब असले तर तो नेमकं गणित करायचाच नाही, अंदाजानंच उत्तर गाठायचा. पर्यायांचे शेवटचे अंक वेगळे असले तर फक्त शेवटच्या अंकाचा गुणाकार करायचा. मी आकडे आपल्या चालीत सांगायला शिकले. एकशे पंचवीस नाही, सव्वाशे. दोनशे पन्नास नाही, अडीचशे. तेवढाच वेळ वाचतो आणि कानाला ओझं होत नाही. टक्केवारी तर तो आण्यांत करायचा. आमच्याकडं अजून म्हणतात ना, काम बारा आणे झालं, तसं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे सव्वासहा टक्क्यांचा एक आणा. साडेबारा टक्के म्हणजे दोन आणे, साडेसदतीस म्हणजे सहा आणे. मी म्हणायची, "अठ्ठेचाळीसशे, साडेसदतीस टक्के," की तो म्हणायचा, "तीनशेचा आणा, अठराशे." माझं वाक्य संपता संपता उत्तर आलेलं असायचं. दीडशे मीटर गाडी, साडेतीनशे मीटर पूल, ताशी बहात्तर. "पाचशे, सेकंदाला वीस, पंचवीस सेकंद." वर्तुळाची आकृती आली की मी घड्याळात सांगायची. बारापासून तीनपर्यंत ज्वारी, तीनपासून सातपर्यंत ऊस. त्याला तेवढं पुरायचं.

आणि जे येत नाही ते सोडून द्यायचा. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जायचे, म्हणून तो नुसतं "सोड" म्हणायचा आणि पुढं जायचा. मला ते कधी जमलं नाही. मी अडले की अडूनच राहते. तो म्हणायचा, सोडायलाही डोकं लागतं. मी भाकरी थापताना, तो गुरांना वैरण टाकताना, आमचं चालूच असायचं. आई वैतागायची, तुमच्या टक्केवारीत माझा तवा करपला म्हणायची. खरं सांगते, त्या दिवसांत आमचं घर सुखात होतं. दादाचे डोळे गेल्यानंतर आबा पहिल्यांदा हसले ते त्याच वर्षी.

पहिली परीक्षा साताऱ्याला झाली. आम्हाला वेगळी खोली, दारात एक पर्यवेक्षक. मधेच नफा-तोट्याच्या एका गणितात दादानं खरेदीऐवजी विक्रीवर टक्के काढले आणि म्हणाला, "तीन." उत्तर दोन होतं. माझा हात थांबला. मी काही बोलले नाही, खोकलेही नाही, नुसता हात थांबला. दादानं मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाला, "रंगव." मी तीन नंबरचा गोल रंगवला. माझ्या हातानं चुकीचा गोल काळा करताना मला रडू येत होतं.

परतीच्या एस.टी.त त्यानं विचारलं, ते चुकलं होतं ना. मी व्हय म्हटलं. मी भांडलेही त्याच्याशी, की तुला कळलं होतं तर परत विचार करायचा, त्यात काय पाप होतं. तो म्हणाला, "तुझ्या हातावरून कळलं. मग ते उत्तर तुझं झालं असतं, माझं न्हाई." असला हट्टी. त्या वर्षी यादी आमच्या बरीच वर बंद झाली, तेव्हा त्या एका गणितानं काही बिघडलं नाही. पण आपण कुठं कमी पडतो याचा अंदाज त्याला आला. गणितात तो सगळ्यांच्या पुढं होता, मार खाल्ला होता सामान्य ज्ञानात. पुढच्या वेळी लागतो बघ, म्हणाला. आबांनाही तसंच वाटलं, मलाही.

मधल्या काळात मी साताऱ्याला बी.एस्सी. करत होते, गणित घेऊन. कॉलेजात माझं नाव होतं. पुढं कोल्हापूरला एम.एस्सी.ला जायचं मी मनात पक्कं केलं होतं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरून मी घरी आले, त्या आठवड्यात आबांनी मला गोठ्यामागं बोलावलं. ते कधी असं बाजूला बोलवत नसत. बराच वेळ ते दावंच नीट करत बसले.

"एक पेपर राहू दे यंदा," ते म्हणाले. "जाहिरात कवा बी निघंल. तू पास झालीस की तुला त्याच्या संगं बसता येणार न्हाई."

मी तिथंच रागानं लाल झाले. माझ्याच वाट्याला का, असं वाटलं. मग वाटलं, दुसरं आहे कोण? आईला वाचता येत नाही. चुलतभाऊ वाचेल, पण त्याला पर्याय आधी वाच म्हटलं तर तो म्हणेल असं कुठं असतं का. दादाची गणितं मलाच वाचता येतात, हे मला ठाऊक होतं आणि आबांनाही. एका वर्षानं काय होतंय, मी म्हटलं. मी एका पेपरला गेलेच नाही. दादाला सांगितलं, गणिताचा एक पेपर राहिला. त्यानं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी जाहिरात निघाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आबांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पेपरच्या दिवशी मी घरीच मिरच्या खुडत बसले. माझ्या बरोबरीच्या मुली कोल्हापूरला गेल्या, एकीचं तर लग्नही झालं. मी निकालात पुन्हा नापास. आता मात्र दादाला राहवेना. जिचा साधा हातचाही चुकत नाही ती गणितातच दोनदा आपटते, हे त्याच्या डोक्यात बसेना. त्यानं मला नाही विचारलं. आईला विचारलं. आईला खोटं बोलता येत नाही, तिनं रडत रडत सगळं सांगून टाकलं.

मला त्यानं एका शब्दानंही कळू दिलं नाही. हिवाळ्यात जाहिरात निघाली. सगळे जेवायला बसलो होतो. दादानं शांतपणे सांगितलं, की फॉर्म भरून झालाय, आणि लेखनिक केंद्रावरचाच घेतलाय. परीक्षा घेणाऱ्यांकडून मिळतो तो. आबांचा घास हातातच राहिला. ते खूप बोलले, फौजेतलं हिंदी आणि शिव्या सगळं निघालं. परका माणूस तुला कसा वाचून दाखवणार, एवढ्या वर्षांची मेहनत मातीत घालतोस का, असं बरंच. मीही हट्ट धरला, मी पुढच्या वर्षी बसते परीक्षेला, माझं काय अडलंय. दादा सगळ्यांचं संपेपर्यंत थांबला.

"माझं डोळं कुणी घेतलं न्हाईत, ते गेलं," तो म्हणाला. "हिची वर्षं मी घेतोय. ते मला चालायचं न्हाई."

आबा ताटावरून उठले. त्या उन्हाळ्यात मी पेपरला बसले आणि पहिल्या वर्गात पास झाले. दादानं आईला शिरा करायला लावला. निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांनी त्याची परीक्षा होती, सांगलीला. आता मनात आलं तरी मला त्याच्या शेजारी बसायची परवानगी नव्हती.

विट्यावरून सांगलीला मीच घेऊन गेले त्याला. केंद्र एका शाळेत होतं. दारातच लेखनिकाची गाठ पडली. मला वाटलं होतं कुणी कॉलेजातला पोरगा असेल, तर त्या एक अंगणवाडीच्या बाई निघाल्या. चाळिशीच्या पुढच्या, बारावी शिकलेल्या, चष्म्याला दोरी लावलेली, बोलणं अगदी मऊ. त्यांनी दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, घाबरू नको बाळा, मी नीट वाचते. मी घाईघाईनं त्यांना सांगायला लागले, आधी पर्याय वाचा, मग शेवटचं वाक्य. त्या सगळं ऐकून हसून म्हणाल्या, "ताई, काळजी नको. रोज लेकरांनाच वाचून दाखवते की मी." तेवढ्यात घंटा झाली आणि शिपायानं मला बाहेर काढलं.

मी शाळेसमोर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. सगळ्यांची वेळ संपली, पोरं बाहेर पडली, चहाच्या गाड्यावर आपापली उत्तरं जुळवायला लागली. दादाला तासामागं वीस मिनिटं जास्त होती. ती संपल्यावर बाई त्याला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. लय हुशार हो तुमचा भाऊ, त्या मला म्हणाल्या, माझं वाचून संपतंय तोवर त्याचं उत्तर तयार. मी प्रत्येक गणित दोन-दोनदा वाचलं, काही सुटायला नको म्हणून. गोल पण अगदी रेघेच्या आत रंगवले, एक डाग नाही. पण वेळ कमी देतात हो. शेवटी बरंच राहून गेलं.

मी त्यांच्यावर चिडायला बघत होते आणि मला चिडता येत नव्हतं. त्यांनी दादाच्या खिशात आपल्या डब्यातले दोन लाडू घातले होते. दादा त्यांच्या पाया पडला.

एस.टी. स्टँडवर आल्यावर मी त्याला झापलं. तोंड नव्हतं का तुला, सांगायचं ना भरभर वाचा म्हणून. माझ्यावर बरा खेकसायचास. तो म्हणाला, दोनदा सांगितलं. पण त्या घाई करायला लागल्या की त्यांचा आवाज कापायचा, ओळ चुकायची, मग रडवेल्या व्हायच्या. पर्याय आधी वाचल्यावर प्रश्न कुठला तेच त्यांना सापडेना. मग त्यानंच म्हटलं, वाचा तुमच्या पद्धतीनं. "इतक्या मायेनं वाचत होत्या," तो म्हणाला, "कसं बोलायचं?"

आमची गाडी लागायला अवकाश होता. प्रश्नपत्रिका त्याच्या पिशवीत होती, त्या काळी ती घरी नेऊ देत. मी ती काढली. गणितं शेवटी होती. सोडवून झालेल्या प्रत्येक प्रश्नापुढं बाईंनी पेन्सिलीनं बारीक खूण केली होती, आणि एका पानावर त्या खुणा थांबल्या होत्या. पुढच्या पानावर एकही खूण नाही. त्याच्या पुढच्याही.

"वाच," दादा म्हणाला.

मी वाचायला लागले. आधी पर्याय, मग काय काढायचंय, मग आकडे. नळ आणि टाकीचं गणित होतं, तो म्हणाला, "सहा तास, दोन नंबर." सरळव्याजाचं होतं, मी आकडे पुरे सांगायच्या आत तो म्हणाला, "साडेसातशे, चार." सरासरी, वय, भागीदारी, होडी आणि प्रवाह. एकदाही "सोड" म्हणाला नाही. लाउडस्पीकरवर गाड्यांची नावं ओरडत होते, शेजारच्या बाकावरचा एक माणूस आमच्याकडं बघत होता, आणि दादा गुडघ्यावर हात ठेवून एकामागून एक बरोबर उत्तरं देत होता. मी प्रत्येक उत्तर मनात तपासत होते. शेवटचं पान संपलं.

"किती चुकली?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, एकही नाही. तो जरासा हसला. मग त्यानं खिशातला एक लाडू मला दिला. मला तो खाववेना.

यादी लागली तेव्हा दादाच्या वर एकच नाव होतं, आणि जागा एकच होती. स्टँडवर सोडवलेल्या गणितांपैकी मूठभर जरी त्या खोलीत वाचून झाली असती तरी पुरलं असतं. आबांनी गोठ्यातलं काम वाढवून घेतलं आणि जेवायला उशिरा यायला लागले. दादानं मात्र माझ्यामागं लकडा लावून मला कोल्हापूरला धाडलं. मी एम.एस्सी. झाले, सांगलीत नोकरीला लागले, इथंच घर केलं. दादा गावाकडं दूध संकलन केंद्रावर बसतो. लोक आपलं माप सांगतात, तो तोंडी हिशोब सांगतो. लोक कौतुक करतात. मला ते कौतुक ऐकवत नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा तशीच जाहिरात निघाली. अंधांना वयाची सवलत असते, दादा अजून बसू शकतो. मी क्लासमधूनच त्याला फोन लावला. म्हटलं, दादा, जागा निघालीय, फॉर्म मी भरते, तू फक्त हो म्हण. सामान्य ज्ञानाचं रेकॉर्डिंग करून पाठवते रोज. गणिताची तर तुला काही तयारीच नको. तो सगळं ऐकून घेत होता. पलीकडं दुधाच्या कॅनचे आवाज येत होते.

"वाचणार कोण?" तो म्हणाला.

समोर माझी तुकडी वह्या उघडून बसली होती. मी वाचते, असं म्हणायची मला सोय नव्हती. मी पास झाले होते.